रियलटेक तीनदा टाकूनही आवाज नाही? मदरबोर्डला हात लावण्याआधी एवढं बघा

तुमची अडचण मला समजली ती अशी. गंगाखेडला मुलीच्या अकरावीच्या अभ्यासासाठी तुम्ही कंपनीतून निघालेला जुना लॅपटॉप घेतला, आय-५, ११ वी पिढी. दोन-तीन महिने चांगला चालला. मग हळू झाला म्हणून दुकानात नेऊन विंडोज ११ नव्याने टाकून घेतलं आणि त्या दिवसापासून आवाज बंद. खाली स्पीकरच्या चित्रावर फुली येते, आवाजाचं एकही साधन नाही असं मशीन सांगतं. तुम्ही तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून रियलटेकचा (आवाजाची चिप बनवणारी कंपनी) ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर, उतरवून टाकून पाहिला, एक 'ड्रायव्हर अपडेटर'ही चालवला, आणि दर वेळी शेवटी 'फेल्युअर, एरर कोड -०००१' असं येऊन गाडी थांबली. दुकानदार म्हणतो मदरबोर्डचा साउंड सेक्शन गेला, साडेचार हजार लागतील. मुलीचे लेक्चर मोबाइलवर चाललेत. आणि तुमचा प्रश्न आहे की नेमका कोणता रियलटेक ड्रायव्हर टाकू?

मी लातूरला वीस वर्षांहून जास्त काळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. इथे क्लासेससाठी जिल्ह्याजिल्ह्यातून लेकरं येतात, त्यामुळे असे जुने लॅपटॉप माझ्या टेबलावर रोजच असतात. साडेचार हजार म्हणजे तुमच्यासारख्याच्या घरात एका महिन्याची खोली असते, म्हणून घाईत दोन ओळी न लिहिता सविस्तर लिहितो. शांतपणे वाचा, लॅपटॉप समोर ठेवून वाचलंत तर अजून बरं.

तुम्ही तुमच्या प्रश्नात सहज एक ओळ लिहून गेलात, माझ्या मते सगळं उत्तर त्या ओळीत आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या साधनांच्या यादीत, 'अदर डिव्हायसेस'खाली पिवळ्या खुणेसह 'मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर' दिसतं, असं तुम्ही म्हणता. ही ओळ म्हणजे साउंड सेक्शन जळाल्याचा पुरावा नाही, नुसता ड्रायव्हर नसला तरी ती दिसते. इथे मशीन स्वतः सांगतंय की आवाजाचं काहीतरी माझ्याकडे आहे, पण त्याच्याशी बोलायची भाषा मला कुणी दिली नाही. म्हणून कोणता रियलटेक टाकायचा हा प्रश्न आत्ता बाजूला ठेवा. रियलटेकची चिप या घडीला विंडोजला दिसतच नाही, आणि जी चिप दिसत नाही तिच्यावर जगातला कोणताही रियलटेक ड्रायव्हर बसणार नाही.

असं का होतं ते सांगतो, कारण हे एकदा कळलं की पुढच्या वेळी तुम्हाला कुणी घाबरवू शकणार नाही.

लॅपटॉपमधला आवाज दोन मुक्काम करून बाहेर येतो. पहिला मुक्काम इंटेलचा ऑडिओ कंट्रोलर, हा प्रोसेसरच्या सोबतच असतो. दुसरा मुक्काम कोडेक नावाची छोटी चिप, ती मदरबोर्डवर वेगळी बसवलेली असते आणि बहुतेक वेळा रियलटेकची असते. गाण्याचे आकडे कंट्रोलर कोडेककडे पाठवतो, कोडेक त्यांचा विजेचा तरंग करतो आणि तो स्पीकरला किंवा हेडफोनच्या जॅकला जातो. विंडोजला कोडेकपर्यंत जायचं तर कंट्रोलरवरूनच जावं लागतं, दुसरी वाट नाही. नदीवरचा पूल वाहून गेला आणि आपण पलीकडच्या गावात तीनदा पोस्टमन पाठवला तर तो तिन्ही वेळा काठावरून परत येणार. तुमचा -०००१ म्हणजे तो परत आलेला पोस्टमन आहे.

पूर्वी ही भानगड नव्हती. इंटेलने २००४ साली 'हाय डेफिनिशन ऑडिओ' ही पद्धत आणली, तिच्या आधी एसी ९७ होती. विंडोज व्हिस्टापासून या नव्या पद्धतीचा सर्वसाधारण ड्रायव्हर विंडोजमध्येच येऊ लागला. म्हणून विंडोज टाकलं की बरीच मशीनं आपोआप बोलायला लागायची आणि रियलटेक वरून टाकलं की काम फत्ते. आम्हा दुरुस्तीवाल्यांना तीच सवय लागली. नंतरच्या लॅपटॉपमध्ये इंटेलने आवाजासाठी वेगळा छोटा प्रोसेसर दिला, त्याचं नाव 'स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी'. हा चालू असलेला कंट्रोलर स्वतःची ओळख वेगळ्या वर्गातला म्हणून देतो. विंडोजचा तो सर्वसाधारण ड्रायव्हर त्याला उचलत नाही. इंटेलचा खास ड्रायव्हर मिळेपर्यंत तो 'मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर' या बेनाम नावाने पिवळी खूण लावून पडून राहतो, आणि त्याच्यामागची रियलटेकची चिप झाकलेलीच राहते.

तुमच्या दुकानदाराला मी सरळ दोष देणार नाही, कारण हीच चूक माझ्या हातून झालेली आहे. लॉकडाउन उठल्यानंतर असे लॅपटॉप माझ्याकडे नव्याने यायला लागले होते. नर्सिंगला असलेल्या एका मुलीचा लॅपटॉप मी दोन दिवस ठेवून घेतला, रियलटेकचे चार ड्रायव्हर लावून पाहिले आणि बोर्ड गेलाय म्हणून परत दिला. तिने तो पुण्याला भावाकडे नेला, त्याने कंपनीच्या पानावरचे ड्रायव्हर क्रमाने टाकले आणि अर्ध्या तासात आवाज आला. ती मुद्दाम मला सांगायला आली होती, रागावली नव्हती. मी तिचे तपासणीचे पैसे परत दिले. तेव्हापासून हार्डवेअर आयडी, म्हणजे साधनाचा ओळख-नंबर, वाचल्याशिवाय मी बोर्डाबद्दल तोंड उघडत नाही. तुम्हीही आता तेच करा.

स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करा, डिव्हाइस मॅनेजर उघडा. त्या पिवळ्या खुणेच्या ओळीवर उजवी क्लिक, मग प्रॉपर्टीज. पहिल्याच पानावर 'डिव्हाइस स्टेटस'च्या चौकटीत एक कोड असेल. २८ असेल तर ड्रायव्हर टाकलेलाच नाही, आणि तुमच्याकडे हाच असावा असा माझा अंदाज आहे. २२ म्हणजे कुणीतरी ते बंद करून ठेवलंय, उजवी क्लिक करून 'एनेबल' केलं की झालं. १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण साधन सुरू होत नाही, बहुतेक वेळा चुकीच्या ड्रायव्हरमुळे. ३९ म्हणजे ड्रायव्हरची फाइल खराब किंवा गायब. आता त्याच खिडकीत 'डिटेल्स' हे पान उघडा, वरच्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. पाच-सहा लांबलचक ओळी येतील, घाबरू नका, त्यातलं मोजकंच वाचायचंय.

ओळीची सुरुवात 'पीसीआय' अशी असेल आणि पुढे 'व्हीईएन' म्हणजे व्हेंडर, बनवणाऱ्याचा नंबर. तिथे ८०८६ असेल तर ते इंटेलचं. त्यापुढे 'डीईव्ही', म्हणजे कोणतं साधन. ११ व्या पिढीच्या हलक्या लॅपटॉपवर मला तिथे ए०सी८ दिसतं. त्याच ओळींत खाली कुठेतरी 'सीसी' आणि चार आकडे असतील, हा वर्ग. ०४०३ असेल तर साधा हाय डेफिनिशन कंट्रोलर, त्याला विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर पुरतो. ०४०१ असेल तर स्मार्ट साउंड चालू आहे, आणि इंटेलचा ड्रायव्हर घातल्याशिवाय गाडी हलणार नाही. या एका आकड्यावर तुमचे साडेचार हजार वाचतील असं मला वाटतं.

अजून एक आकडा बघा, 'सबसिस'. त्याचे शेवटचे चार आकडे लॅपटॉप कुणी बनवला ते सांगतात: १०२८ डेल, १०३सी एचपी, १७एए लेनोव्हो, १०४३ असुस, १०२५ एसर. जुना माल घेताना कधीकधी वरचं झाकण एकाचं आणि आतला बोर्ड दुसऱ्याच मॉडेलचा असतो, म्हणून मी स्टिकरपेक्षा या आकड्यांवर जास्त विश्वास ठेवतो.

आता ड्रायव्हर कुठून आणायचा. सगळ्यात आधी विंडोजलाच विचारा. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, तिथे 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'ऑप्शनल अपडेट्स' आणि त्यात 'ड्रायव्हर अपडेट्स'. खरं तर नेट चालू असेल तर विंडोज ११ हा इंटेलचा ड्रायव्हर बहुतेक वेळा आपोआप आणतं. तुमच्याकडे तो आला नाही, यावरून मला शंका येते की दुकानात टाकलेलं विंडोज कुणीतरी आधीच कापून-जोडून तयार केलेल्या प्रतीवरून टाकलंय. तशा प्रतींत अपडेट बंद करून ठेवतात, काही सेवाही बंद करतात. अपडेटच्या पानावर काहीच हालचाल होत नसेल तर माझी शंका खरी समजा. मग स्पष्ट सांगतो, पेन ड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या पानावरचं मूळ विंडोज उतरवा आणि नव्याने टाका. कंपनीतून निघालेल्या लॅपटॉपमध्ये विंडोजचं लायसन्स बहुधा बोर्डातच असतं. आवृत्ती तीच टाकली, होमच्या जागी होम आणि प्रोच्या जागी प्रो, की नेट मिळाल्यावर ते आपोआप चालू होतं. त्याआधी मुलीच्या नोट्स आणि फोटो दुसरीकडे काढून ठेवा, हे मात्र विसरू नका.

अपडेटमधून काही मिळालं नाही तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्टच्या पानावर जा. लॅपटॉपच्या पाठीवर सर्व्हिस टॅग किंवा सीरियल नंबर असतो, तो तिथे टाकला की नेमक्या तुमच्या मॉडेलचे ड्रायव्हर समोर येतात. स्टिकर घासून गेलं असेल तर स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधा, त्यात मॉडेलचं नाव असतं. गावात नेटची बोंब असते आणि नव्या विंडोजनंतर कधीकधी वायफायचाही ड्रायव्हर नसतो. अशा वेळी मोबाइल चार्जिंगच्या केबलने जोडा आणि मोबाइलमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा, बहुतेक अँड्रॉइड फोन विंडोज तसाच ओळखतं. ऑडिओचा गठ्ठा दोन-तीनशे एमबीचाही असू शकतो, रात्री लावून ठेवा.

कंपनीच्याच पानाचा हट्ट का, रियलटेक तर रियलटेकच ना? नाही. तीच चिप डेल एका तऱ्हेने जोडतं, लेनोव्हो दुसऱ्या. कोणत्या पायाला स्पीकर आहे, कोणत्या पायाला जॅक, स्पीकरमागे वेगळा अॅम्प्लिफायर आहे का आणि तो कसा जागा करायचा, हे सगळं कंपनी आपल्या ड्रायव्हरमध्ये भरते. म्हणूनच काही नव्या लॅपटॉपवर सर्वसाधारण ड्रायव्हर टाकला की हेडफोनला आवाज येतो आणि स्पीकर मुके राहतात. लोक स्पीकर बदलायला निघतात, आणि दोष असतो ड्रायव्हरचा. नावाचाही घोळ आहे: डेलच्या पानावर जिला एएलसी३२४६ म्हणतात, ती चिप आतून एएलसी२५६ असते आणि आयडीत ०२५६ दिसतं. नुसतं नाव जुळवत बसलं तर माणूस चकतो. आणि सगळ्यात नवा ड्रायव्हर तुमच्या मशीनसाठी बरोबर असेलच असं नाही. मी स्वतः कंपनीच्या पानावरचा दोन वर्षं जुना ड्रायव्हर निवडतो, इकडून-तिकडून आणलेला कालचा ताजा नाही. 'ड्रायव्हर अपडेटर'च्या नावाने फिरणारी फुकट सॉफ्टवेअर माझ्या टेबलावरच्या मशीनवर मी कधीच चालवत नाही. ती अंदाजाने जोड्या लावतात, सोबत जाहिरातींचा कचरा आणतात, आणि नंतर काय कुठे बसवलं ते शोधण्यात माझा अर्धा दिवस जातो.

तुम्ही ते चालवलंय, म्हणून नवीन टाकण्याआधी घर झाडून घ्यावं लागेल. आधी नेट तोडा, वायफाय बंद करा आणि केबल असेल तर काढा. नाहीतर तुम्ही काढता काढता विंडोज मागून दुसरं काही बसवत राहतं. ते अपडेटर आणि रियलटेकची नावं दिसतील ती सगळी 'इन्स्टॉल्ड अॅप्स'मधून काढा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वरच्या 'व्ह्यू'मधून 'शो हिडन डिव्हायसेस' चालू करा. 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स'खाली रियलटेकचं जे काही फिकट दिसेल त्याच्यावर उजवी क्लिक करून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस', आणि तिथे ड्रायव्हरही काढून टाका अशी छोटी चौकट येते, तिच्यात टिक करा. ही टिक लोक हमखास विसरतात, मग रीस्टार्टनंतर तोच चुकीचा ड्रायव्हर उठून पुन्हा जागेवर बसतो. झालं की मशीन रीस्टार्ट करा. शटडाउन करून पुन्हा चालू केलं तर चालणार नाही, कारण विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आहे. त्यात शटडाउनच्या वेळी विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. रीस्टार्ट केलं तरच सगळं मुळापासून सुरू होतं.

आता टाकायचा क्रम. आधी चिपसेट (बोर्डावरच्या मुख्य चिपांचा ड्रायव्हर), मग इंटेल स्मार्ट साउंड, शेवटी रियलटेक ऑडिओ, आणि प्रत्येकानंतर रीस्टार्ट. बऱ्याच कंपन्या स्मार्ट साउंड आणि रियलटेक एकाच ऑडिओच्या गठ्ठ्यात देतात, काही वेगवेगळे देतात. हे मॉडेलवर अवलंबून आहे, म्हणून यादी पूर्ण वाचा. 'लाइटचा भरवसा नाही' हे आपल्याकडे सांगायला नको. बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली असल्याशिवाय हे काम सुरू करू नका. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या पंधरा मिनिटांत मान टाकतात आणि ड्रायव्हर अर्धवट बसला की तो ३९ नंबरचा कोड पाहुणा म्हणून येतो.

स्मार्ट साउंड नीट बसलं की नाही ते लगेच कळतं. पिवळी खूण जाईल, 'सिस्टिम डिव्हायसेस'खाली 'इंटेल स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी'च्या ओळी येतील, आणि त्यानंतर कोडेक पहिल्यांदा तोंड दाखवेल. त्याच्या हार्डवेअर आयडीची सुरुवात आता 'इंटेलऑडिओ' अशी असेल, साध्या पद्धतीच्या मशीनवर ती 'एचडीऑडिओ' अशी असते. पुढे व्हीईएन १०ईसी असेल तर तुमची चिप रियलटेकचीच आहे हे पक्कं. १४एफ१ असेल तर ती कोनेक्झंटची, १०१३ असेल तर सिरस लॉजिकची, आणि मग तुम्ही आजवर टाकलेले रियलटेक मुळातच परक्याच्या दारात गेले होते. एवढ्यावर स्पीकरवरची फुली गेली तर गाणं लावून बघा.

कधी इंस्टॉलर काही केल्या चालत नाही, पण गठ्ठा फोल्डरमध्ये उलगडता येतो. तसं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून 'अपडेट ड्रायव्हर', मग 'ब्राउझ माय कॉम्प्युटर', आणि ते फोल्डर दाखवा, आतली फोल्डरंही धुंडाळ अशी टिक ठेवा. आयडी जुळली तरच विंडोज तो घेईल. यादीतून हाताने दुसराच ड्रायव्हर निवडून जबरदस्तीने बसवू नका. ते 'हे सुसंगत नसेल' असा इशारा देतं तो खरा असतो.

सगळे ड्रायव्हर बसले, फुली गेली, पट्टी हलतेय पण कानाला काहीच नाही, असंही होऊ शकतं. तेव्हा ड्रायव्हरला सोडा. स्पीकरच्या चित्रावर क्लिक करून आउटपुट कोणतं निवडलंय ते बघा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकला की 'इंटेल डिस्प्ले ऑडिओ' येतं, ते एचडीएमआयने जोडलेल्या टीव्हीसाठी असतं आणि आवाज तिकडे वळलेला असू शकतो. 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन 'विंडोज ऑडिओ' आणि 'विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर' या दोन्ही चालू आणि 'ऑटोमॅटिक'वर आहेत का पाहा. कापलेल्या विंडोजमध्ये या बंद सापडल्यात मला. कीबोर्डवरचं म्यूटचं बटण तर दाबलेलं नाही ना, हेही बघा, काही मॉडेलवर त्यात छोटा दिवा जळतो.

आणि जॅक. याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण हा आपल्या भागाचा रोग आहे. मागच्या सोयाबीनच्या सुगीत मोंढ्यातल्या एका आडतीवरचा लॅपटॉप आला. ड्रायव्हर बरोबर, कोड नाही, विंडोजला मात्र कायम हेडफोन लावलेला दिसत होता, म्हणून स्पीकरला आवाजच जात नव्हता. टॉर्च मारून जॅकमध्ये पाहिलं तर आत भुसकटाचा पिवळा बोळा, ठासून भरल्यासारखा. जॅकच्या आत हेडफोन आला की हलणारी एक बारीक पत्ती असते, तो बोळा तिला दाबून बसला होता. लॅपटॉप बंद केला, बॅटरीची केबल सुटी केली, लाकडी टूथपिकच्या टोकाला थोडा आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावून बोळा हलवला, ब्लोअरने हलकी हवा मारली, आणि तो निघाला. पत्ती वर आली तेव्हा अगदी बारीक 'टिक' असा आवाज आला. विंडोजने लगेच स्पीकर दाखवला. तुमच्या मुलीच्या लॅपटॉपचं हे कारण नसावं, कारण तुमच्याकडे साधनच सापडत नाही. पण हेडफोन चार-पाच वेळा घालून काढायला दहा सेकंद लागतात, तेवढं करून घ्याच. आत सुई किंवा टाचणी मात्र घालू नका.

हे सगळं करूनही आवाज आला नाही तर मग बोर्डाचा संशय घ्यायला मी तयार आहे. तरी संशय आणि पुरावा यांत फरक आहे, आणि पैसे पुराव्यावरच द्यायचे. पुरावा गोळा करायचे तीन रस्ते मी वापरतो.

पहिला, लॅपटॉपची स्वतःची तपासणी. डेल असेल तर चालू करताना एफ१२ दाबून डायग्नोस्टिक्स, एचपी असेल तर एफ२. ही तपासणी विंडोजच्या बाहेर चालते. त्यात ऑडिओची चाचणी असेल आणि स्पीकरमधून सूर वाजला, तर बोर्ड, कोडेक आणि स्पीकर तिन्ही शाबूत, वाद संपला. बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डातल्या सॉफ्टवेअरच्या, सेटिंगमध्ये ऑडिओ 'एनेबल्ड' आहे का तेही त्याच बैठकीत बघून घ्या. कंपन्यांनी वापरलेल्या मशीनवर तो मुद्दाम बंद केलेला मी पाहिलाय.

दुसरा, उबंटू लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू करणं. डिस्कवरच्या विंडोजला धक्का लागत नाही, 'ट्राय' निवडायचं, 'इन्स्टॉल' नाही. तिथे आवाज आला तर दोष विंडोजच्या बाजूला. पण तिथे आला नाही म्हणून बोर्ड गेला असा निष्कर्ष काढू नका, नव्या लॅपटॉपवर लिनक्सलाही वेगळं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, लागतं. ही चाचणी एकाच बाजूने खरी बोलते.

तिसरा सगळ्यात स्वस्त: यूएसबी साउंड कार्ड. अंगठ्याएवढं असतं, दोन-तीनशे रुपयांत मिळतं. यूएसबी ऑडिओचा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. ते लावून हेडफोनला आवाज आला तर विंडोजची आवाजाची यंत्रणा ठीक आहे आणि बिघाड फक्त आतल्या चिपच्या वाटेवर आहे, एवढं नक्की होतं. आणि खरोखरच चिप गेलेली निघाली, तरी मुलीचं लेक्चर त्याच दिवशी सुरू होतं. मे-जूनच्या वादळात वीज कडाडली की दर वर्षी माझ्याकडे असे काही डेस्कटॉप येतात, बाकी सगळं चालतं, फक्त आवाज गेलेला. त्यांच्यात मी बोर्ड बदलत नाही, हे कार्ड लावून देतो. तुमच्या लॅपटॉपलाही वाईटात वाईट म्हणजे एवढंच लागेल. अभ्यासाच्या मशीनला साउंड सेक्शनसाठी साडेचार हजारांचा बोर्ड टाकणं मला पटत नाही, बदलून मिळणारा बोर्डही वापरलेलाच असतो.

आज संध्याकाळी एवढं करा: विंडोज अपडेटचं पान बघा, आणि त्या पिवळ्या ओळीच्या हार्डवेअर आयडीचा मोबाइलने फोटो काढा. फोटोत कोड नंबर, सीसीपुढचे चार आकडे आणि सबसिसचे शेवटचे चार आकडे स्पष्ट दिसू द्या, आणि पाठीवरचं मॉडेलचं नाव लिहा. सीरियल नंबर इथे टाकू नका, तो तुमच्याजवळच ठेवा. ही माहिती आली की कंपनीच्या यादीतला कोणता गठ्ठा आधी आणि कोणता नंतर, ते मी नावानिशी सांगतो. तोवर दुकानदाराला बोर्डासाठी अॅडव्हान्स देऊ नका, आणि मुलीला सांगा की लॅपटॉप बिघडलेला नाही असं मला वाटतंय.